तहान, भूक आणि तलफ

चकलांबा, उमापूर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून गेवराईला किंवा बीडला कॉलेजसाठी जाणाऱ्या मुलामुलींच्या खाण्यापिण्याचं वेळापत्रक बरंचसं एसटी ठरवते. सकाळची गाडी चुकायला नको म्हणून घरून कपभर चहा आणि दोन बटर. स्टँडवर उतरलं की मित्रांबरोबर एक कट चहा. अकराच्या सुमारास पोटात कालवायला लागलं की पुन्हा कट, नाहीतर वीस रुपयांची थंड बाटली. डबा उघडतो तो दीड-दोनला. ज्यांचे आईवडील दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले असतात आणि घरी फक्त आजी असते, त्यांच्यातल्या अनेकांजवळ डबाही नसतो. अशा दिवसात पोटात काय काय गेलं याची यादी केली, तर त्यात खाण्यापेक्षा पिणंच जास्त निघतं. आणि त्या पिण्यात पाणी सगळ्यांत कमी.

या वयातल्या पेयांविषयी बोलताना ‘कोल्ड्रिंक वाईट, ताक चांगलं’ एवढं सांगून विषय संपवला जातो. ते खोटं नाही, पण त्याने रोजचं वागणं बदलत नाही. शरीर तीन वेगवेगळ्या गोष्टी मागत असतं. तहान लागते, भूक लागते आणि तलफ येते. तहानेला पाणी हवं, भुकेला अन्न हवं, तलफेला कपभर चहा चालतो. बहुतेक नुकसान होतं ते यांची अदलाबदल केल्याने. भुकेला चहा, तहानेला कोल्ड्रिंक आणि झोपेला एनर्जी ड्रिंक दिलं की मागणी तशीच राहते, वर साखर आणि कॅफीन तेवढं वाढतं. म्हणून कप किंवा बाटली हातात घेताना एवढंच विचारायचं: आत्ता मला यांतलं नक्की काय झालंय?

भूक चहाने मारू नका

टपरीवरचा एक कट साधारण ६० ते ८० मिलिलिटरचा असतो. त्यातलं दूध निम्मं धरलं तरी प्रथिनं मिळतात जेमतेम एक ग्रॅम. ‘चहात दूध जातंच की’ हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही. पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि सव्वादोनशे-अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. चहाच्या वाटेने तिथवर पोचता येत नाही.

तरीही चहा प्यायल्यावर भूक गेल्यासारखी वाटते. गोड, गरम आणि त्यात कॅफीन; या तिन्हींमुळे तास-दीड तास तरतरी टिकते. मग डोकं जड होतं, लक्ष लागत नाही आणि पुन्हा टपरी आठवते. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत असं चाललं, तर न्याहारी नावाची गोष्टच दिवसातून गळून पडते. ती रात्री भरून निघत नाही, कारण रात्रीचं जेवण काही दुप्पट होत नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त आदल्या रात्री करायचा आहे. मूठभर शेंगदाणे, मूठभर फुटाणे आणि गुळाचा छोटा खडा डब्यात भरून बॅगेत टाका. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. ना चूल पेटवावी लागते, ना आजीला पहाटे उठवावं लागतं. सोबत केळं असलं तर उत्तम. अंडी चालत असतील तर रात्रीच दोन उकडून ठेवा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे खाल्ल्यावर चहाची तलफ उरली, तर जरूर प्या. बहुतेकदा ती अर्धीच उरलेली असते.

चहा आणि भाकरीत तासाचं अंतर ठेवा

शिळी भाकरी चहात कुस्करून खाणं आपल्याकडे नवीन नाही. घाईच्या सकाळी ती चांगली न्याहारी वाटते, आणि नुसत्या चहापेक्षा ती बरीही आहे. पण एक नुकसान दिसत नाही. बाजरीच्या पिठात शंभर ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असतं. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहाला आतड्यात जखडून ठेवतात. मग खाल्लेलं लोह रक्तापर्यंत पोचण्याऐवजी मोठ्या प्रमाणात बाहेर पडतं. कॉफीचंही तसंच आहे. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे.

मुलींनी हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे कॉलेजच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या असतील, तर त्यांपैकी एकीचं रक्त कमी असण्याची शक्यता मोठी आहे. जिना चढताना धाप लागणं, सतत थकवा, पाटीवरची पेन्सिल किंवा माती खावीशी वाटणं, ही लक्षणं असतील तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींचं ते १२ ग्रॅमच्या खाली आणि मुलांचं १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर उपचार लागतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर त्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या.

लिंबाचं इथे खास काम आहे. त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतलं लोह शरीराला घेता येईल अशा रूपात आणतं. मटकीची उसळ, मेथीची भाजी किंवा डाळ खाताना वरून अर्धं लिंबू पिळा. भांडं चुलीवर असताना पिळू नका, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नाश पावतं. गेवराई तालुक्यात मोसंबीच्या बागा आहेत. हंगामात जेवणानंतर चहाऐवजी एक मोसंबी खाल्ली तरी तेच काम होतं. ती खावी, रस काढून पिऊ नये. पेलाभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात, चोथा फेकला जातो आणि साखर तेवढी एका दमात पोटात जाते.

साखरेचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा आणि जमल्यास पाच टक्क्यांवर आणावा. रोज २००० उष्मांक घेणाऱ्यासाठी पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे.

आता बेरीज करू. चार कट चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर ३२ ते ४० ग्रॅम. वर कोलाची २५० मिलिलिटरची बाटली, शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या हिशोबाने २६ ग्रॅम. एकूण साठ ग्रॅमच्या आसपास. त्यातून मिळाले सुमारे २४० उष्मांक. बाजरीची एक मोठी भाकरी जवळपास तेवढेच उष्मांक देते. पण तिच्याबरोबर सहा-सात ग्रॅम प्रथिनं, लोह आणि तंतू येतात. बाटलीबरोबर यांतलं काहीच येत नाही. पातळ साखरेने पोट भरल्याची जाणीवही नीट होत नाही, म्हणून अंगावर वजन चढतं आणि रक्त मात्र कमीच राहतं. हाडकुळ्या मुलाला त्यातून ताकद येत नाही आणि जाड मुलीचं पोषण होत नाही.

काही गैरसमज या हिशोबाच्या ओघातच दूर करायला हवेत. गुळाचा चहा चवीला छान लागतो, पण साखरेच्या मोजणीत गूळही साखरच. रसवंतीवरचा उसाचा रस ताजा असतो. तरीही त्यात शंभर मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षा जास्त. ऊस आपल्याच शिवारातला असला तरी रोज पिण्याची ती गोष्ट नव्हे. आंब्याचं चित्र असलेल्या पेयात आंबा किती, ते वेष्टनावर बघा. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला फक्त दहा टक्के फळाचा रस पुरतो, बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. ‘झिरो’ लिहिलेल्या पेयांत साखर नसते हे खरं. पण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम गोडीवर भिस्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि दुधात घालायच्या पावडरींवर ‘हेल्थ ड्रिंक’ लिहिलेलं असलं तरी अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या नावाच्या वर्गवारीतून अशी पेयं काढायला सांगितलं.

वेष्टन वाचायची एकच युक्ती लक्षात ठेवा. साखरेचा आकडा बहुधा शंभर मिलिलिटरचा छापलेला असतो. बाटली अडीचशेची असेल तर त्याला अडीचने गुणा आणि येणाऱ्या ग्रॅमना चारने भागा. उत्तर येतं ते चमच्यांत.

थंड बाटली आणि पहाटेची धाव

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली आपल्या भागात गावोगाव आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. धावण्याआधी एनर्जी ड्रिंक मारलं की दम टिकतो, असं एकमेकांना सांगितलं जातं. परीक्षेच्या आदल्या रात्रीही हीच बाटली जागरणाला असते.

यात घाबरवण्यासारखं काय आणि दुर्लक्ष करण्यासारखं काय, ते नीट पाहू. भारतातल्या नियमानुसार कॅफीनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. म्हणजे अडीचशेच्या बाटलीत फार तर ७५ मिलिग्रॅम. पूर्ण कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि ताज्या उकळलेल्या कॉफीच्या कपात ८० ते १२० असतं. पोषण संस्थेने दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. एका बाटलीने आभाळ कोसळत नाही. पण दिवसभरात चार चहा झालेले असतात, बाटली दोन मिनिटांत रिकामी होते, पोट रिकामं असतं आणि लगेच छाती फुटेस्तोवर धावायचं असतं. अशा वेळी छातीत धडधड, हाताला कंप, मळमळ असे त्रास होऊ शकतात. ज्याला आधीपासून हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे आणि तो माहीतच नाही, त्याच्यासाठी हा खेळ धोक्याचा आहे. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया यांनी हे पेय घेऊ नये आणि कुणीही दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापणं बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरांत असतो, पण असतो. शाळांपासून ५०० मीटरच्या आत या पेयांच्या विक्रीवर बंदी आणू, असं राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. ही पेयं दारूत मिसळून पिणं तर सर्वांत वाईट, कारण चढलेली नशा जाणवत नाही आणि माणूस पीत राहतो.

धावायला ताकद लागते ती आदल्या रात्रीच्या जेवणाची आणि झोपेची. पहाटे उठल्यावर पेलाभर पाणी आणि धावण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळं किंवा दोन-तीन खजूर एवढं पुरतं. धावून आल्यावर पाणी, आणि तासाभरात शेंगदाणे, मोड आलेली मटकी, दूध किंवा अंडी. जागरणाचं म्हणाल, तर रात्री दहाला घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पहाटे तीनपर्यंत शरीरात असतं. पाठ केलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद केला, तर अभ्यास आणि झोप दोन्ही सुधारतात.

पाणी: किती, कुठलं आणि कसं

दिवसाला साधारण दोन लिटर, म्हणजे दहा पेले पाणी हवं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आणि धावपळीच्या दिवशी त्याहून अधिक. किती प्यायलो हे मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय.

अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण कॉलेजात किंवा स्टँडवर जाण्याजोगं स्वच्छतागृह नसतं. याची परिणती डोकेदुखी, लघवीच्या जागी जळजळ, वरचेवर होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग यांत होते. या प्रश्नाचं उत्तर मुलींनी तहान मारणं हे असूच शकत नाही. स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि रोजची सफाई असेल हे पाहणं प्राचार्यांचं काम आहे, आणि लेखी अर्ज करून ते मागणं विद्यार्थिनींचा हक्क. तोवर घरी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर पाणी वाढवा, पण दिवसभर कोरडं राहू नका.

पाणी कुठलं, हाही आपल्याकडे खरा प्रश्न आहे. बोअरच्या पाण्यात काही ठिकाणी क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असतं. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण हे क्षार जात नाहीत. उलट पाणी आटून ते दाट होतात. म्हणून आपल्या बोअरचं, विहिरीचं पाणी तपासून घेण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते तपासलं जातं. वीस लिटरचा जार थंड आहे म्हणून त्यातलं पाणी शुद्ध आहे, असं धरून चालू नका. जार आतून धुतात का, पाणी तपासल्याचा कागद आहे का, हे विचारा. जंतूंची शंका असेल तिथे मेडिक्लोरचे थेंब किंवा उकळणं हाच भरवशाचा उपाय.

उन्हाळ्यात गाड्यावरच्या सरबतापेक्षा त्यातल्या बर्फाकडे आधी बघा. कारखान्यात माल थंड ठेवायला वापरतात तो अखाद्य बर्फ निळसर रंगाचा असावा, असा नियम २०१८ पासून आहे. पेल्यात निळसर खडा दिसला तर सरळ परत करा. उन्हातून येऊन जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली ओआरएसची पुडीच घ्या. ओआरएससारखं नाव लावलेल्या गोड पेयांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली आहे. पुडी मिळेपर्यंत लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं प्या. इथे मात्र साखर औषधाचं काम करते. आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढायला तीच लागते.

घरचं, स्वस्त आणि बाटलीत मावणारं

ताक यादीत पहिलं. दोन मोठे चमचे दही, पेलाभर पाणी, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. जेवणाबरोबर ते चहाच्या जागी सहज बसतं. ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात कालवून पातळ केली, तर ती पेयही होते आणि न्याहारीही. उन्हाळ्यात सकाळी पोटाला शांत ठेवते. लिंबूपाण्यात साखर एक चमचा पुरे. कैरीचं पन्हं केलं तर गूळ बेताने घाला. रात्री पेलाभर दूध, साखर न घालता. दूध पचत नसेल तर दही घ्या.

यातलं काहीच जमलं नाही, तर निदान साध्या पाण्याची बाटली सोबत ठेवा. खिशात वीस रुपये आणि जवळ पाणी असेल, तर त्या वीस रुपयांत दोन उकडलेली अंडी किंवा शेंगदाण्याची पुडी येते. जवळ पाणी नसेल, तर ते थंड बाटलीवर जातात. बाटली विसरण्याची किंमत ही अशी रोख मोजावी लागते.

कॉलेजनेही थोडं करावं

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॉलेजांना आवारातून जंक फूड हटवायला सांगितलं आहे. त्यामुळे कँटीनमध्ये कोल्ड्रिंकच्या फ्रिजऐवजी ताक, उकडलेली अंडी, केळी, मोड आलेली उसळ ठेवा, असा अर्ज विद्यार्थ्यांनी दिला तर प्राचार्यांच्या हातात त्याला आधार आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर भरवलं, तर व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

सुरुवात एका आठवड्याच्या नोंदीपासून करा. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, काय प्यायलं, किती रुपये गेले आणि तेव्हा तहान होती, भूक होती की तलफ. सात दिवसांनी चौथा रकाना वाचा. ‘भूक’ जास्त वेळा आली असेल, तर आधी सकाळचा डबा सुधारा. ‘तहान’ जास्त असेल, तर पाण्याची बाटली घ्या. ‘तलफ’ जास्त असेल, तर चहा एकदम न तोडता आठवड्याला एक कट कमी करा, नाहीतर डोकं दुखतं आणि दोन दिवसांत नियम मोडतो. पुढच्या महिन्यात एकच बदल पाळा आणि तिसरा रकाना पुन्हा मांडून पाहा. वाचलेल्या पैशांत महिनाभराचे शेंगदाणे आणि लिंबं आरामात येतील.